दोन विटा, चोवीस मूर्ती

जेवणाच्या टेबलावर लेगोच्या दोन लाल विटा पडल्या होत्या. दोन्ही अगदी सारख्या: वर चार-चारच्या दोन ओळींत आठ गोल उंचवटे, लांबी सव्वातीन सेंटिमीटरला जराशी कमी, रुंदी तिच्या निम्मी. बाबा त्या हातात घेऊन एकीवर एक बसवून बघत होते. "या दोघींची जोडी किती तऱ्हांनी जमते रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चोवीस." त्यांचा हात थांबला. "चोवीस? केशव, नारायण, माधव... तेवढ्याच?"

बाबांनी आयुष्यभर संध्येत ही चोवीस नावं घेतली आहेत. विष्णूचे हात चार, त्यांत शंख, चक्र, गदा, पद्म. कुठल्या हातात काय, याची अदलाबदल चोवीस प्रकारांनी होते आणि प्रत्येक प्रकाराला एक नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त अंकपाश या भागात हाच हिशेब घातला आहे: हरीच्या मूर्ती किती? चोवीस. आणि दहा हातांत दहा वस्तू घेतलेल्या शंभूच्या? ३६,२८,८००. हात चाराचे दहा झाले आणि उत्तर दोन आकड्यांवरून थेट सात आकड्यांवर गेलं. लेगोची जी गंमत मला चाळिशीत सापडली, ती या उडीतच आहे.

विटांचे चोवीस मात्र वेगळ्या वाटेने येतात. खालची वीट टेबलावर स्थिर धरा. वरची तिला समांतर ठेवली तर ती लांबीच्या दिशेने सात जागी आणि रुंदीच्या दिशेने तीन जागी सरकू शकते, म्हणजे २१. आडवी ठेवली तर दोन्ही दिशांना पाच-पाच जागा, म्हणजे २५. एकूण ४६. पण जोडलेली जोडी उचलून अर्धी फिरवली की यातली एक रचना दुसरीसारखीच दिसते. अशा ४४ रचनांच्या २२ जोड्या पडतात आणि दोन रचना तशा अर्ध्या फिरवल्या तरी स्वतःसारख्याच राहतात. बावीस आणि दोन, चोवीस.

इथवर कागद-पेन्सिल पुरते. डेन्मार्कमधल्या या कंपनीनेही सत्तरच्या दशकात अशाच हिशेबाने एक आकडा काढला आणि तो पुढे वर्षानुवर्षं छापला जात राहिला: एकाच रंगाच्या सहा विटा १०,२९,८१,५०० प्रकारे जोडता येतात. हा आकडा कुठून आला ते तुम्हालाही काढता येईल. सहा विटांच्या मनोऱ्यात सांधे पाच, प्रत्येक सांध्याला ४६ पर्याय. ४६ पाच वेळा घेऊन गुणाकार केला की २०,५९,६२,९७६. फिरवल्यावर स्वतःसारख्याच दिसणाऱ्या रचना ३२. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की १०,२९,८१,५०४. छापील आकड्यात शेवटचे चार सुटले होते. पण खरी चूक त्या चारांत नव्हती.

तीनच विटा घ्या, म्हणजे ती दिसेल. एकीवर एक असा मनोरा केला तर १,०६० रचना. पण दोन विटा शेजारी ठेवून त्यांवर तिसरी पुलासारखी टाकता येते. अशा रचना २५०. एकीच्या डोक्यावर दोघी बसवता येतात, त्याही २५०. म्हणजे एकूण १,५६०. मनोऱ्याचाच विचार केला तर ५०० रचना हिशेबातून गळतात. कंपनीच्या आकड्यात नेमके फक्त मनोरे मोजले होते. पूल, कमानी, पायऱ्या, फांद्या, म्हणजे खरोखर खेळताना हात जे करतात ते जवळजवळ सगळंच बाहेर राहिलं होतं.

ही गळती २००५च्या आसपास कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी भरून काढली. सूत्र मिळेना, कारण एकाच थरावर दोन विटा आल्या की त्या एकमेकींच्या जागा अडवतात आणि प्रत्येक रचना स्वतंत्र तपासावी लागते. म्हणून त्यांनी संगणकाकडून मोजून घेतलं. तेव्हा शाळेत शिकत असलेल्या मिकेल अब्राहमसन या मुलाने वेगळा प्रोग्रॅम लिहून तेच मोजलं. दोघांचं उत्तर एकच आलं: ९१,५१,०३,७६५. सहा विटा, एक रंग, एक आकार, आणि एक्क्याण्णव कोटी एक्कावन्न लाख तीन हजार सातशे पासष्ट रचना. जुन्या आकड्याच्या जवळजवळ नऊपट.

दर मिनिटाला एक रचना करायची, झोप नाही, जेवण नाही, एकही रचना दोनदा नाही, असं कुणी ठरवलं तर १,७४० वर्षं लागतील. आज ज्याचं काम संपेल त्याने सुरुवात केली तेव्हा महाराष्ट्रात सातवाहनांची सत्ता मावळून काही दशकंच झाली असतील. हे सगळं मुठीत मावणाऱ्या सहा विटांत. त्यांचं एकत्र वजन पंधरा ग्रॅमसुद्धा नाही.

सातवी वीट घेतली की रचना ८५ अब्जांवर जातात. आठ विटांच्या ८२,७४,०७,५६,१६,३८७, आणि मिनिटाला एक या वेगाने त्या करायला दीड कोटीहून जास्त वर्षं. दहा विटांचा आकडा ८ कोटी अब्जांच्या वर आहे. मिनिटाला एक म्हटलं तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अकरापट वेळ हवा. लहानपणी आम्ही एकं, दहं, शतं म्हणत शेवटी 'परार्ध' ओरडायचो. 'लीलावती'तल्या नावांची ओळही तिथेच थांबते, एकावर सतरा शून्यं. दहा विटा त्या परार्धाच्या दारापर्यंत जातात. अकरावी वीट ठेवली की भास्कराचार्यांच्या यादीतलं कुठलंच नाव पुरत नाही. किती विटांना किती रचना याचं नेमकं सूत्र अजून कुणाला सापडलेलं नाही. विटा वाढत गेल्या की दर नव्या विटेमागे आकडा सरासरी किमान ७८ पटीने आणि जास्तीत जास्त १९१ पटीने वाढतो, एवढं आयलर्स आणि बेर्गफिनुर दुरहूस यांनी सिद्ध केलं आहे.

म्हणून मोठ्या सेटची मोठी संख्या बघून माझे डोळे आता फारसे दिपत नाहीत. मोठ्या माणसांसाठीच्या खोक्यांवर हल्ली १८+ असं छापलेलं असतं. त्यांत टायटॅनिक ९,०९० तुकड्यांचं, आयफेल मनोरा १०,००१ तुकड्यांचा आणि दीड मीटर उंच, जगाचा नकाशा ११,६९५ तुकड्यांचा. ताजमहाल २००८ साली आला तेव्हा ५,९२२ तुकड्यांचा होता. काही वर्षांनी तो मिळेनासा झाला आणि जुन्या बाजारात त्याची किंमत चढत गेली. २०१७ साली तो पुन्हा निघाला तेव्हा तुकडे होते ५,९२३. एका तुकड्याचा तो फरक जगभरच्या संग्राहकांनी लगेच टिपला. मीही ताजमहाल बांधला आहे आणि ते दिवस मला प्रिय आहेत. तरी सूचनापुस्तिकेतून जाणारी वाट एकच असते. पाच हजार नऊशे तुकडे एकाच रूपात बसवलेले आणि बाकीची सगळी रूपं सोडून दिलेली.

सध्या मी सूचनांशिवाय बांधतो आहे: आमच्या जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा, खिळ्यांसकट. त्यासाठी आधी घरातले तुकडे निवडावे लागले. अंदाजे चाळीस हजार. एका तुकड्याला तीन सेकंद धरले तरी तेहतीस तास. जुने जाणते सांगतात, रंगाने निवडू नका, आकाराने निवडा. त्यामागचं कारण हाताला पटतं. डबाभर काळ्या तुकड्यांत हवा तो आकार शोधताना डोळे दमतात. एकाच आकाराच्या डब्यातला काळा मात्र बघताक्षणी सापडतो. आईचा जुना मसाल्याचा डबा त्यातूनच माझ्याकडे आला. खिळ्यांसाठीचे सगळ्यात बारीक गोल तुकडे आता त्याच्या वाट्यांत आहेत.

मग खरेदी. सुटे पीस मिळण्याचा सगळ्यात मोठा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. डॅन जेझेक यांनी तो २००० साली सुरू केला, २०१९ साली लेगोने विकत घेतला. जगभरातली हजारो छोटी दुकानं तिथे आपला माल मांडतात. माझ्या दरवाजाला गडद तपकिरी रंगातले ६३ प्रकारचे पीस हवे होते. प्रत्येक प्रकार दहाच दुकानांत मिळतो असं धरू. कुठला पीस कुठून घ्यायचा हे ठरवण्याचे पर्याय, पहिल्या सतरा प्रकारांतच, पुरते एक परार्ध. त्रेसष्ट प्रकारांत एकावर त्रेसष्ट शून्यं. त्यात प्रत्येक दुकानाचा टपालखर्च निराळा, म्हणजे एका पिसाचा निर्णय दुसऱ्याचा भाव बदलतो. सगळ्यात स्वस्त यादी सगळे पर्याय तपासून कुणीच काढू शकत नाही. आम्ही सगळे करतो ते एवढंच: सगळ्यात दुर्मीळ पीस कोणाकडे आहे ते आधी शोधायचं आणि बाकीचं शक्य तितकं त्याच दुकानातून उचलायचं. माझी यादी अशी चार दुकानांत बसली. हातात पुडकं आलं तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं.

हे सगळे परार्ध उभे आहेत ते विटेच्या पोटातल्या तीन नळ्यांवर. आधीच्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बरोब्बर बसल्या तरी पकड ढिली, आणि बाजूला सरकवून बसवल्या तर सुटून येत. गोटफ्रेड कर्क क्रिस्टियानसन यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी नळ्यांच्या रचनेचं पेटंट मागितलं. तेव्हापासून ४.८ मिलिमीटरचा उंचवटा नळी आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट धरला जाऊ लागला, वीट कुठेही सरकवा. ते ४६ पर्याय कागदावर आधीही होते, हातात आले ते तेव्हा. साच्याची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक असल्यामुळे १९५८ची वीट आजच्या विटेवर बसते. आणि ताकद? २०१२ साली ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत चार उंचवट्यांच्या विटा दाबून पाहिल्या तेव्हा एकेक वीट सरासरी ४३२ किलोचा भार पेलून मग दबली. म्हणजे तिच्यावर पावणेचार लाख विटांचा, साडेतीन किलोमीटर उंचीचा मनोरा हवा. कळसूबाईच्या दुप्पट उंचीहून तो थोडा वरच जाईल.

बाबांना मी ही उंची सांगितली, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांनी चोवीसही जोड्या एकेक करून स्वतः जमवल्या होत्या आणि जुन्या डायरीच्या पानावर चौकोन काढून उतरवल्या होत्या. प्रत्येक चौकोनाखाली एक नाव. शेवटच्या चौकोनाखाली 'श्रीकृष्ण' लिहून त्यांनी पेन ठेवलं आणि हात पुढे केला.

"तिसरी दे."

"बाबा, तिघींचे पंधराशे साठ होतात."

"होऊ देत. नावांसाठी विष्णुसहस्रनाम आहे. वरचे पाचशे साठ बघू."

काल रात्री ते एकसष्टाव्या चौकोनावर होते.