विद्युत् झोत, आयनांबरीय
आयनांबराच्या ई थरात, सु. १०० ते १२० किमी. उंचीवर, अरुंद पट्ट्यांतून वाहणारा तीव्र विद्युत् प्रवाह. असे झोत ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यांत व चुंबकीय विषुववृत्तावर आढळतात. विषुववृत्तीय झोत दिवसा बहुधा पूर्वेकडे वाहतो व त्यामुळे जमिनीवरील चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक दुपारच्या सुमारास वाढतो.

भारतात हा झोत दक्षिण टोकावरून जातो. अलिबाग त्याच्या पट्ट्याबाहेर असल्यामुळे तिरुनेलवेली येथील क्षैतिज घटकाच्या दैनिक बदलातून अलिबागचा बदल वजा केल्यास झोताची तीव्रता कळते. मुंबईतील विजेच्या ट्रामगाड्यांमुळे कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. दोन्ही ठिकाणी १९०४–०६ या काळात एकाच वेळी नोंदी घेतल्यामुळे १८४० च्या दशकात सुरू झालेली मालिका तुटली नाही.

भूपृष्ठावरील मापनावरून प्रवाहाची उंची निश्चित होत नाही. जमिनीत व समुद्रात प्रवर्तित झालेल्या प्रवाहांचे क्षेत्रही त्यात मिसळते. रॉकेट मात्र प्रत्यक्ष थरातून जाते. पूर्ववाही झोताचे क्षेत्र त्याच्याखाली उत्तरेकडे, तर वर दक्षिणेकडे असते. म्हणून मोजलेल्या व अपेक्षित क्षेत्रांतील फरक ज्या उंचीवर झपाट्याने बदलतो, तेथे प्रवाह असतो. थुंबा येथून १९६४ मध्ये प्रोटॉन चुंबकत्वमापक बसविलेली रॉकेटे सोडून अशी मापने करण्यात आली.

ध्रुवीय प्रदेशात बलरेषांना अनुसरून वाहणारे प्रवाहही असतात. त्यांचा परिणाम जमिनीवर बराचसा झाकला जातो. म्हणून तेथे भूस्थित चुंबकत्वमापकांना रॉकेटे व उपग्रह यांची जोड आवश्यक ठरते.