खांद्याची रेषा आणि पंचावन्न टक्के

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेपाळला ५४-३६ असे हरवणाऱ्या भारतीय पुरुष संघात सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरचा रामजी कश्यप होता. अशा गावांच्या मैदानांवर मुलांना देहबोलीचे, म्हणजे शब्दांवाचून शरीराने होणाऱ्या संवादाचे, जे शिक्षण मिळते, त्याचा उलगडा प्रशिक्षकांच्या शिबिरांतून फिरणाऱ्या एका लोकप्रिय सूत्रातून मात्र होत नाही.

संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, स्वराचा ३८ आणि देहबोलीचा ५५, असे सांगणारे हे सूत्र अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांची सांगड घालून निघाले. त्या प्रयोगांत सुट्या शब्दांचे उच्चार आणि चेहऱ्यांची छायाचित्रे यांवरून बोलणाऱ्याची आवड-नावड तेवढी ओळखायची होती, त्यामुळे ज्या ५५ टक्क्यांना देहबोली म्हटले जाते त्यांत मानेखालचा देह नव्हताच.

खो-खोत नेमका तोच देह बोलतो. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि पाठलाग करणाऱ्या नवव्याने एकदा दिशा घेतली की खांद्याची रेषा, म्हणजे दोन्ही खांदे जोडणारी काल्पनिक रेषा, काटकोनापेक्षा अधिक वळवणे हा नियमभंग ठरतो. साहजिकच पाठलाग चुकवणाऱ्या संरक्षकाच्या दृष्टीने चेहऱ्यापेक्षा खांदे अधिक खरे बोलतात, कारण त्यांना नियमानेच बांधलेले असते.

देहाच्या गतीवरून माणूस वाचण्याचा हा पाया स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवला, तरी मेहराबियन यांच्या आकड्यांइतकी प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला आली नाही. अंधारात माणसाच्या सांध्यांवर बसवलेले मोजके प्रकाशबिंदू स्थिर असताना नुसता ठिपक्यांचा पुंजका दिसतात, पण माणूस चालू लागताच पाहणाऱ्याला क्षणार्धात चालणारी व्यक्ती ओळखू येते. चेहरा, स्नायू, कपडे यांतले काहीच दिसत नसताना सांध्यांच्या परस्परसंबद्ध गतीतून एवढा अर्थ उमटतो. म्हणूनच संरक्षकाचा सराव घेताना ‘त्याच्या डोळ्यांत बघ’ या सूचनेपेक्षा ‘खांदा आणि कंबर बघ’ ही सूचना अधिक शास्त्रीय ठरते, कारण मान हुलकावणी देऊ शकते, पण वेगात असलेल्या धडाचे वजन ऐनवेळी दुसरीकडे वळवणे कठीण असते.

मैदानाच्या दोन्ही टोकांच्या खांबांपलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात मात्र दिशेचे बंधन उरत नाही, आणि तेथे पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यांवरही विसंबता येत नाही.