गडावरचा केर आणि गडाखालचे पाणी

महाराष्ट्रातील गिर्यारोहणाचा आढावा घेण्याचा एक शिरस्ता दिवाळी अंकांतून आता पडून गेला आहे. १९५४ साली मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली तेथून आरंभ करावयाचा, गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणाला वंदन करावयाचे, १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले त्याचा उल्लेख करावयाचा, पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ साली एव्हरेस्टवर आणि २०१९ साली कांचनगंगेवर नेलेल्या मोहिमांची वर्णने द्यावयाची, आणि लेखक आमच्या करवीरचा असला तर २०२२ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या कस्तुरी सावेकर हिच्या नावापाशी समाधानाने थांबावयाचे. हा अभिमान मलाही आहे. परंतु त्या पराक्रमांचे वर्णन ज्यांनी करावयाचे त्यांनी ते माझ्याहून उत्तम केलेले असल्यामुळे मी त्या वाटेने पुन्हा जात नाही. माझे सारे लक्ष आयुष्यभर डोंगराच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे पायथ्याच्या आणि उतरणीवरच्या वाड्यांकडे, त्यांच्या झऱ्यांकडे आणि डोंगर चढून गेलेल्यांनी मागे टाकलेल्या घाणीकडे लागलेले आहे.

दुर्गसाहित्याच्या पंगतीत शौचकूप आणि उकिरडा यांना पाट मांडणे अप्रशस्त होय, असे मत एका विद्वान दुर्गाभ्यासकांनी मध्यंतरी एका सभेत मांडले. तटाची रुंदी आणि तोफांची नावे हाच दुर्गाचा अभ्यास, असे मानणाऱ्यांचा हा संप्रदाय मोठा आहे आणि त्याचे दफ्तरही मोठे आहे. पण त्याच दफ्तरातील एक कागद या मंडळींनी नीट वाचलेला नाही, असे मला नम्रपणे पण ठामपणे म्हणावयाचे आहे.

तो कागद म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. थोरल्या शिवाजी महाराजांच्या हाताखाली तयार झालेला, राजाराम महाराजांच्या बिकट काळात हुकुमतपन्हा म्हणून साऱ्या राज्याचा बंदोबस्त सांभाळलेला, आणि पुढे कोल्हापूरच्या गादीची सेवा केलेला हा पुरुष. बावड्याची जहागीर त्याच्या घराण्याकडे आणि समाधी आमच्या पन्हाळ्यावर. १७१५ च्या सुमारास त्याने राज्यनीतीचा जो जाबता लिहिला, त्यातील दुर्गांचे प्रकरण तोंडपाठ असणारे पुष्कळ भेटतात. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका टाक्यावर विसंबू नये, झुंजीच्या वेळी झरे आटतात म्हणून साठ्याची तजवीज आधीच करावी, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच प्रकरणात अमात्यांनी केराविषयीही ताकीद दिली आहे. वाटांवर, बाजारात, तटाच्या कडेने केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून तीवर भाजीपाला करावा, असा त्या ताकिदीचा आशय आहे. तोफ, बारूद, धान्य आणि पाणी यांचा विचार करता करता ज्याची दृष्टी केरापर्यंत पोचली, त्या राजकारणी पुरुषाला केराचा विषय अप्रशस्त वाटला नव्हता.

या ताकिदीतील ‘गडाखाली लोटू नये’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तटावरून खाली लोटणे हा केर नाहीसा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग. वरच्याला तो दिसेनासा होतो आणि प्रश्न मिटल्याचे समाधान मिळते. पण गडाखाली घेरा असतो, घेऱ्यात गावे असतात, आणि गडाला दूध, धान्य, सरपण व माणसे पुरविणारी तीच गावे असतात. अमात्यांच्या मनात नेमके काय होते हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. मात्र वरचा माणूस खालच्या माणसाचे काही देणे लागतो, हे त्या ताकिदीतून मला सदैव वाचावयास मिळत आले आहे. आणि त्या काळचा केर तरी कसला? पालापाचोळा, शेण, चिंध्या, फुटकी गाडगी. खापर सोडले तर बाकी सर्वांची राख होई आणि राखेचा वेल होई. आजच्या केराची राख होत नाही. जाळला तर विषारी धूर होतो आणि पुरला तर तो कुजत नाही. म्हणून ‘जाळावा’ ही आज्ञा आज बदलावी लागेल आणि तिच्या जागी ‘वर नेलेले परत खाली आणावे’ ही घालावी लागेल. ‘लोटू नये’ या आज्ञेत मात्र तीनशे वर्षांनंतरही कानामात्रेचा फरक करण्याचे कारण नाही.

आमच्या भागातील डोंगराची घडण ज्याने समजून घेतली त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. पन्हाळ्यापासून मसाई पठारावरून विशाळगडाकडे जाणाऱ्या रांगेच्या माथ्यावर जांभ्याचे आवरण आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. आषाढ-श्रावणात पडणारा पाऊस, आणि गगनबावड्याकडे तर तो वर्षाला ५००० मिलिमीटरांच्या वर जातो, त्या छिद्रांतून खाली झिरपतो, खालच्या चिकणमातीच्या व काळ्या पाषाणाच्या थरावर अडतो आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. वाड्या वसल्या त्या या झऱ्यांच्या रेषेवर. म्हणजे पठाराचा माथा हे वाडीच्या पाण्याचे छप्पर आहे. आणि जांभ्याच्या फटी-विवरांतून पाणी इतक्या वेगाने उतरते की मातीतून गाळून निघण्यास त्याला अवसर मिळत नाही. माथ्यावर जे सांडते ते थोड्याच काळात घागरीत येते.

मसाईच्या उतरणीवरील एका वाडीत, जुलैतल्या पदयात्रेचे पावनखिंडीकडे जाणारे जथे पुढे गेल्याच्या दुसऱ्या सकाळी, मी एका म्हातारीला झऱ्यावर पाणी भरताना पाहिले होते. दगडी डोणीत साचलेल्या पाण्यावर बिस्किटांची वेष्टने आणि पांढऱ्या थर्माकोलचे तुकडे तरंगत होते. तिने ते एकेक उचलून कडेला ठेवले, वर दगड ठेवला, लुगड्याच्या जुन्या तुकड्याची चौपदरी घडी घागरीच्या तोंडावर बांधली आणि तांब्याने पाणी ओतू लागली. मी काही बोलण्याच्या आधीच ती म्हणाली, “वरचं समदं खालीच येतंय बाबा. पाऊस काय निवडून थोडंच आणतोय?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ते ऐकणे सोपे गेले असते.

गिर्यारोहणातील आव्हाने म्हणजे काय, असे मला नवी मुले विचारतात तेव्हा दोर आणि खिळे यांच्या आधी मी आमचा पावसाळा सांगतो. हिमालयातील उंची येथे नाही. पण शेवाळलेला जांभा, गुडघाभर गवताखाली लपलेली कड्याची धार, धुक्यात चार हातांपलीकडे न दिसणारी पठारे, आंबा घाटाच्या व विशाळगडाच्या रानातील जळवा आणि घटकाभरात कमरेपर्यंत चढणारे ओढे हे सर्व येथे आहे. १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज पन्हाळ्यावरून निघाले, शिवा काशीदने आपला देह पुढे केला, आणि बाजीप्रभू व बांदलांनी घोडखिंड, म्हणजेच पावनखिंड, लढविली, ती याच चिखलातून. त्या रात्रीचे स्मरण म्हणून दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशी जी पन्नासएक किलोमीटरांची वाट चालली जाते, तिच्याइतकी पवित्र पदयात्रा मला दुसरी माहीत नाही. म्हाळुंगे, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी ही नावे मी मंत्रासारखी म्हणत आलो आहे.

पूर्वी या वाटेने जाणारे थोडे असत. कोल्हापूरच्या तालमींतील पाच-सात मुले, एखादा शाळामास्तर, डोक्यावर इरले किंवा घोंगडीची खोळ, फडक्यात बांधलेली भाकरी आणि खर्डा. मुक्काम कोणाच्या तरी सोप्यावर. जेवण पळसाच्या पत्रावळीवर होई आणि ती पत्रावळ गुरांच्या पुढे किंवा खताच्या खड्ड्यात जाई. घरच्या बाईला तांदूळ आणि गूळ दिल्यावाचून निघणे अधर्म मानला जाई. आता हजारोंच्या संख्येने लोक येतात, आणि लोक आले याचे मला दुःख नाही. इतिहासाच्या पायवाटेवर तरुणांनी गर्दी करावी यासाठीच आम्ही लिहीत आणि बोलत आलो. दुःख याचे की वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीत एका रात्रीत कित्येक शेकडा माणसे उतरतात, कर्ण्यांवरून गाणी लावतात, भिजलेले प्लास्टिकचे रेनकोट कुंपणावर टाकून पुढे जातात, आणि पहाटे प्रातर्विधीसाठी वाडीच्या वरच्या अंगाच्या शेतात, म्हणजे नेमके झऱ्याच्या माथ्यावर, बसतात. अमुक तासांत अमुक गड केल्याच्या याद्या फडकविणाऱ्या एका नव्या पंथाला तर थांबावयासच वेळ नसतो. त्यांच्या मते वाडी म्हणजे वाटेवरची एक खूण. या वृत्तीला मी गिर्यारोहण म्हणावयास तयार नाही.

आता ज्या विषयासाठी मी पुष्कळांचे शिव्याशाप घेतले तो. डोंगराळ वाड्यांतील लोक मुळातच अस्वच्छ असतात, त्यांना प्रबोधनाची गरज आहे, असे शहरी समित्यांच्या अहवालांतून पुन:पुन्हा येते. हे असत्य आहे. ज्या घरातील बाई पहाटे अंगण शेणाने सारवून, गोठा झाडून, मग चूल पेटविते त्या घराला स्वच्छतेचे पाठ देण्याचा अधिकार मला तरी नाही. अडचण आहे ती दगडाची. संडासाच्या सरकारी नकाशात दोन शोषखड्डे असतात. मऊ मातीच्या सपाटीवरच्या गावांना ते उत्तम. जांभ्याच्या सड्यावर मात्र खड्डा खणावयास सुरुंग लागतो, आणि खणलाच तर त्यातील मैलापाणी दगडाच्या फटींतून सरळ खालच्या वाडीच्या झऱ्यात उतरते. त्यात उन्हाळ्यात झरा बारीक झाला की संडासात ओतावयास पाणी कोठून आणावे? म्हणून अनुदानातून उभ्या राहिलेल्या त्या चौकोनी खोल्यांत सरपण आणि पेंढा ठेवला जातो, आणि मग पाहणीस आलेला कारकून ‘मानसिकता नाही’ असा शेरा मारून जातो.

या प्रश्नाचे उत्तर फोंडा घाटाच्या पायथ्यापलीकडे, कणकवलीत, फार पूर्वीच मिळालेले होते. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली तेथे गोपुरी आश्रम उभारला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मागून ज्यांनी अन्नत्याग केला आणि ज्यांच्या पाठीशी गांधीजी उभे राहिले, तेच हे अप्पा. कोकणातही तोच जांभा आणि तोच पाऊस. म्हणून त्यांनी खड्डा खणलाच नाही. जमिनीच्या वर दोन बंद कप्पे बांधावयाचे, एक वापरावयाचा, प्रत्येक वेळी वर राख, माती किंवा पाला टाकावयाचा, तो भरला की बंद करून दुसरा उघडावयाचा, आणि काही महिन्यांनी पहिल्यातील दुर्गंधरहित सोनखत शेतात न्यावयाचे, अशी ती सोपी योजना. पाणी लागत नाही, झरा बाटत नाही, कोणाही माणसाला दुसऱ्याचा मैला ओला असताना हाताळावा लागत नाही, आणि नाचणीच्या खाचराला खत मिळते. चुलीची राख तर प्रत्येक घरी असतेच. अमात्यांची राख आणि अप्पांची राख यांच्यामध्ये सव्वादोनशे वर्षांहून अधिक अंतर आहे, पण विचार एकाच जातीचा आहे: घाण दूर ढकलावयाची नाही, तिची जागच्या जागी माती करावयाची.

गाडगेबाबांनी गावोगाव आधी झाडू आणि मग कीर्तन हा क्रम घालून दिला, आर. आर. पाटील यांनी २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा गावे स्वत:च्या हातांनी झाडली गेली आणि त्या दिवसांतील उत्साह मी डोळ्यांनी पाहिला आहे. पुढे मात्र पहाटे शिट्ट्या वाजवीत फिरणारी गुडमॉर्निंग पथके आली. डोंगरातल्या एखाद्या प्रौढ बाईला सकाळच्या अंधारात लाजवून कोणते शौचालय उभे राहते, हे मला आजवर समजलेले नाही. गोपुरी पद्धतीचे संडास सड्यावरील वाड्यांसाठी मंजूर करावेत म्हणून अनेक अर्ज केले; ‘नकाशात बसत नाही’ एवढेच उत्तर मिळत आले. दगड नकाशात बसत नसेल तर नकाशा बदलावा, एवढीच मागणी आजही आहे.

पन्हाळ्याविषयी थोडे समाधानाने लिहिता येते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेला, आणि तेथील गिरिस्थान नगरपरिषदेने स्वच्छतेत देशपातळीवर नाव मिळविले आहे. पण नगरपरिषदेची हद्द संपते तेथे झाडूही थांबतो; पुढच्या वाड्यांच्या ग्रामपंचायतींकडे ना गाडी, ना माणसे. कासारी नदी याच डोंगरांतून उगम पावते आणि पुढे पंचगंगेला मिळते, ज्या पंचगंगेचे पाणी कोल्हापूरने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले. तेव्हा हा प्रश्न फक्त वाड्यांचा नाही.

यावर डोंगर बंद करा, दस्तुरी बसवा, असे काही निसर्गप्रेमी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या पायवाटा महाराजांच्या मावळ्यांनी तुडविल्या त्यांना कुलूप लावणे म्हणजे दोष गर्दीत न शोधता वाटेत शोधणे होय. नेपाळने एव्हरेस्ट बंद केले नाही. २०१४ पासून प्रत्येक आरोहकाने आठ किलो कचरा परत आणावा असा नियम केला, आणि २०२४ पासून स्वत:चा मैलाही पिशवीत घालून खाली आणण्याची सक्ती तेथील स्थानिक पालिकेने केली. एव्हरेस्टवर जे करता येते ते मसाईवर करता येत नाही, हे कोणी मला पटवून द्यावे.

येत्या आषाढाच्या आत तीन गोष्टी व्हाव्यात अशी माझी खटपट चालू आहे. वाटेवरच्या प्रत्येक वाडीच्या ग्रामसभेने आपला झरा आणि त्याच्या माथ्याचे क्षेत्र आखून तेथे बसण्यास मनाई करावी आणि मुक्कामाला येणाऱ्या जथ्यांची संख्या स्वत: ठरवावी, जथा नेणाऱ्या प्रत्येक मंडळाने दर दहा माणसांमागे एक पोते आणि एक खुरपे बरोबर घ्यावे, झऱ्यापासून दूर, मातीच्या जागी चर खणून तो मातीने बुजवावा आणि भरलेली पोती पन्हाळ्यावर नगरपरिषदेच्या गाडीत टाकल्याची पावती घ्यावी, आणि मुक्कामाच्या वाड्यांत मंडळांनी आपल्या खर्चाने गोपुरी पद्धतीचे कप्पे बांधून द्यावेत, म्हणजे चार दिवस पाहुण्यांनी आणि उरलेले वर्षभर वाडीने ते वापरावेत. करपेवाडीच्या अलीकडील एका वाडीने जागा दाखविली आहे, चिरा तेथलाच आहे, आणि कोल्हापूरच्या दोन तालमींनी गवंडी व सिमेंट देण्याचे कबूल केले आहे. दिवाळी होऊन भातकापणी आटोपली की काम सुरू होईल. हाताशी माणसे हवी आहेत.