हाडं ठिसूळ होण्याआधी सावध व्हा!

'कंबर धरलीय', 'पाठ वाकलीय', 'वय झालं, आता चालायचंच' हे बोल खेडोपाडी पन्नाशीच्या बायकांच्या तोंडी नेहमीचेच. अशी एखादी बाई न्हाणीत घसरते, मनगट किंवा खुब्याचं हाड मोडतं आणि ती अंथरूण धरते. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडत असेल, तर ते आधीच आतून पोकळ झालेलं असू शकतं. डॉक्टर याला 'ऑस्टिओपोरोसिस' म्हणतात. हाड मोडेपर्यंत बहुधा तो कळतही नाही.

असं का होतं?

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुना भाग झिजतो, नवा भरला जातो. हाडांची कणगी साधारण तिशीपर्यंत भरते; पुढं तिच्यातलंच काढून खायचं असतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि कणगी झपाट्यानं रिकामी होऊ लागते. म्हणून हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त.

पाळी जाण्याआधीच पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर ही झीज कितीतरी वर्षं आधी सुरू होते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ऐन उमेदीत ऑपरेशन आणि पुन्हा डोक्यावर उसाची मोळी! तेव्हा भगिनींनो, ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या. अंडाशयं काढणार का, हे स्पष्ट विचारा. ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी हाडांबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं.

ताटात काय हवं?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाळी गेल्यावर १,२००. शंभर ग्रॅम ज्वारीतून मिळतं जेमतेम २५ ते ३०. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, हुलग्यात अडीचशेच्या वर, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर आणि तिळात हजाराहून जास्त. म्हणजे औषध बांधावरच आहे. आठवड्यातून दोनदा हुलग्याचं माडगं, भाकरीसोबत तिळाची किंवा कारळ्याची चटणी, परसात शेवग्याचं एक झाड एवढं कुणालाही जमेल. शेंगा विकल्या तरी पाला घरी ठेवा. गोठ्यातलं सगळं दूध डेअरीला घालू नका; पेलाभर दुधातून दोनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तो पेला पोराबरोबर पोरीलाही द्या, कारण कणगी भरायचं वय तेच.

एवढं लक्षात ठेवा

० कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवं, ते उन्हातून मिळतं. रानात उन्हातच असतो म्हणाल, पण अंग पूर्ण झाकलेलं असेल तर त्याचा लाभ कमी.

० मिश्री, तंबाखू सोडा. त्यानं दातांबरोबर हाडंही खराब होतात.

० गरोदरपणी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या फडताळात ठेवू नका. लोहाच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

० न्हाणीतलं शेवाळ घासा, रात्री वाटेत उजेड ठेवा.

० उंची कमी झाली, पाठीला बाक आला किंवा किरकोळ पडण्यानं हाड मोडलं, तर डॉक्टरांना दाखवा. हाडांची घनता 'डेक्सा' तपासणीत कळते आणि त्यावर औषधोपचार आहेत. फक्त मालिश करून थांबू नका.

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन. त्या निमित्तानं बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्या, आशाताईंना बोलवा. शेतकरी बंधूंनो, पेरणीआधी आपण मातीचा नमुना तपासायला देतो. त्याच मातीत राबणाऱ्या घरच्या बाईची तपासणीही तितक्याच अगत्यानं करून घ्या.