चार पैसे गाठीला



पैशाविषयी बोलायला आपल्याकडे माणूस जरा लाजतो. शेजाऱ्याच्या जावयाचा पगार किती, हे विचारायला कुणाला संकोच वाटत नाही. पण आपले स्वतःचे चार पैसे कुठे ठेवावेत, हे मात्र चारचौघांत विचारायचा धीर होत नाही. मग कुणीतरी कानात काहीतरी सांगतो, आणि त्यावर विसंबून वर्षानुवर्षांची शिल्लक दुसऱ्याच्या स्वाधीन केली जाते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांचे वडील, शाळांतले शिक्षक, बाजाराला आलेले शेतकरी अशी मंडळी भेटली की बोलता बोलता हळूच काही प्रश्न पुढे येतात. प्रश्न बहुधा तेच असतात. आज ते एकेक करून उघडपणे घेऊ.

पहिला प्रश्न ठरलेलाच : “हाती काही उरतच नाही, मग शिलकीत टाकायचे काय?”

उरेल ते टाकायचे असे ठरवले, तर खरोखरच काही उरत नाही. म्हणून क्रम उलटा करावा. पगारदाराने पगार झाला त्याच दिवशी ठरलेली रक्कम बाजूला काढावी आणि राहिलेल्यात महिना भागवावा. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. बाजार समितीतली पट्टी हातात पडली किंवा उसाचे बिल जमा झाले, की तो दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी पुढच्या बियाण्या-खताचा, मुलांच्या फीचा आणि घरखर्चाचा वाटा वेगवेगळा मांडला नाही, तर लग्नसराईत सगळाच पैसा वाहून जातो.

लहान रकमेने काय होते, असे कुणी म्हणेल. हिशेबच करून बघा. दरमहा ५०० रुपये, वर्षाला शेकडा ८ चक्रवाढ व्याज धरले आणि ते महिन्याच्या महिन्याला मिळवत गेले, तर १५ वर्षांत भरणा होतो ९० हजारांचा आणि हाती येतात सुमारे १ लाख ७३ हजार. तोच माणूस पाच वर्षे उशिरा जागा झाला, तर भरणा ६० हजार आणि हाती येतात साडेएक्क्याण्णव हजारांच्या आसपास. भरणा तीस हजारांनी कमी झाला, पण पदरात एक्क्याऐंशी हजार कमी पडले! शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे. चक्रवाढ व्याज पुस्तकातून घरात येते ते असे.

दुसरा प्रश्न : “डोक्यावर कर्ज आहे. आधी बचत करू की कर्ज फेडू?”

याचे उत्तर कर्जाच्या दरावर आहे, आणि तो दरच पुष्कळांना नीट ठाऊक नसतो. गावात म्हणतात, “दोन टक्क्यांनी पैसे काढले.” ऐकायला दोनच टक्के, पण ते महिन्याचे! म्हणजे वर्षाचे चोवीस झाले. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले, तर वर्षाला २६ टक्क्यांच्याही वर गेले. दहा हजार रुपये असे तीन वर्षे तसेच राहिले, तर देणे वीस हजारांच्या पुढे जाते. धान्याच्या वाढीदिढीचाही हिशेब असाच. पेरणीला एक पोते घेतले आणि सुगीला दीड दिले, तर ते अर्ध्या वर्षाचे शेकडा पन्नास झाले.

आता बँकेतल्या ठेवीवर समजा सात टक्के मिळतात आणि सावकाराला चोवीस द्यावे लागतात, तर शंभर रुपयांमागे दर वर्षी सतरा रुपये आपण स्वतःच्या हाताने घालवतो. तेव्हा महागडे कर्ज फेडणे हीच पहिली गुंतवणूक. मात्र सगळा पैसा कर्जात घालून घर अगदी मोकळे करू नका. आजारपण आले, बैल दगावला, तर पुन्हा त्याच दारात जावे लागेल. तीन महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात असू द्यावा. पीककर्जाची गोष्ट वेगळी. त्याला सरकारची व्याजसवलत असते. पण ती पुरी पदरात पडायची तर कर्ज मुदतीत फेडले पाहिजे, हे विसरू नये.

सावकारीचा जाच आपल्याला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि ते लोण आसपासच्या मुलखात पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. त्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. फेडलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी.

तिसरा प्रश्न जरा भीतभीतच विचारतात : “बँक बुडाली तर हो?”

भीती अगदीच निराधार नाही. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक या दोन बँका कोसळल्या. त्यातूनच १९६२ साली आपल्या देशात ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण होते १५०० रुपयांचे. फेब्रुवारी २०२० मध्ये ती मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी, मुद्दल आणि व्याज मिळून, या मर्यादेत धरतात. तेव्हा रक्कम मोठी असेल तर ती दोन बँकांत विभागावी. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवून उपयोग नाही. २०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध घातले, तर विम्याची रक्कम ठेवीदाराला नव्वद दिवसांत मिळावी, असे ठरले.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि खेड्यापाड्यांत ठेच लागते ती नेमकी इथेच. हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. परंतु पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोघांच्याही असतो, इमारतही तशीच असते, संचालक ओळखीचे असतात आणि व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळते. पुष्कळ पतसंस्था चांगल्या चालतात, यात शंका नाही. पण त्या जादा टक्क्यासाठी आपण विम्याचे कुंपण सोडतो आहोत, हे समजून मगच ठेव ठेवावी. म्हातारपणाची सगळी पुंजी तिथे ठेवू नये. पोस्टाची गोष्ट आणखी निराळी. तिथल्या अल्पबचतीला थेट केंद्र सरकारची हमी असते. दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी २०१५ पासून सुरू असलेली सुकन्या समृद्धी योजना, किंवा पंधरा वर्षांचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, या लांब पल्ल्याच्या बचती आहेत. त्यांचे दर सरकार तिमाहीला जाहीर करते. खाते काढताना चालू दर विचारून घ्यावा.

चौथा प्रश्न सोन्याचा. “सोने घेतले की झाली ना गुंतवणूक?”

अडीअडचणीला सोने उपयोगी पडते, हे खरे. रात्री-अपरात्री गहाण ठेवता येते, आणि घरच्या लक्ष्मीच्या अंगावर असते म्हणून सहसा उधळले जात नाही. पण दागिना आणि सोने यांत फरक आहे. घडणावळ आणि कर मिळून समजा दहा-बारा टक्के आपण दिले, तर दागिना मोडताना ते परत मिळत नाहीत. म्हणजे सोन्याचा भाव तेवढा चढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. हौसेचा दागिना हौसेच्या खात्यात लिहावा. हॉलमार्कचे चिन्ह आणि दागिन्यावरचा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक पाहावा, पक्की पावती मागावी. ओळखीचा सराफ आहे म्हणून पावती सोडू नये.

पाचवा प्रश्न तरुण शिक्षक विचारतात : “बँकेच्या व्याजाने महागाईला पुरे पडत नाही. शेअरमध्ये पैसे घालावेत का?”

महागाईचा मुद्दा बरोबर आहे. बहात्तरला दराने भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अदमासे कळतात, असा एक सोपा आडाखा आहे. आठ टक्क्यांनी पैसा नऊ वर्षांत दुप्पट होतो. तसेच महागाई वर्षाला सहा टक्के असेल, तर बारा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. पेटीत ठेवलेल्या हजाराच्या नोटांनी तेव्हा पाचशेचाच बाजार होतो.

आता शेअर म्हणजे काय? शेअर म्हणजे धंद्यातला भाग. आपल्याला तो अगदीच अनोळखी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावरच. फरक इतकाच, की सहकारात भाग किती का असेनात, मत एकच. आणि त्या भागाचा भाव रोज खाली-वर होत नाही. मुंबईच्या शेअर बाजारात, जो १८७५ पासून चालू आहे, भाव रोज बदलतो. धंदा चालला तर भागाची किंमत वाढते, नाही चालला तर मुद्दलही जाते. इथे ठेवीसारखी हमी कुणीही देत नाही.

म्हणून तीन पथ्ये सांगतो. पाच-सात वर्षे लागणार नाही तेवढाच पैसा इथे घालावा. कर्ज काढून मुळीच घालू नये. आणि एका कंपनीवर सगळा भार टाकू नये. स्वतःला कंपन्या पारखता येत नसतील तर म्युच्युअल फंड आहेत. अनेकांचा पैसा एकत्र करून तो अनेक कंपन्यांत विभागायचा, ही त्यातली रीत. आपल्या देशात १९६४ साली युनिट ट्रस्टने ती सुरू केली. या सगळ्या व्यवहारावर ‘सेबी’ची देखरेख असते, १९९२ साली तिला कायद्याने अधिकार मिळाले. सल्ला देणारा तिथे नोंदलेला आहे का, हे पाहावे. मोबाइलवरच्या गटात कुणी अनोळखी माणूस “उद्या हा शेअर घ्या” म्हणून सांगू लागला, तर तो आपले भले का करतो आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा.

सहावा प्रश्न प्रश्न नसतोच, आनंदाची बातमी म्हणून सांगतात : “एक योजना आली आहे, वर्षात पैसे दुप्पट!”

इथे फक्त पाटी-पेन्सिल घ्या. समजा, पहिल्या वर्षी दहा जणांनी सारखेच पैसे भरले. त्या दहांना दुप्पट द्यायचे तर दुसऱ्या वर्षी वीस माणसांचे पैसे हवेत. त्या विसांना द्यायला चाळीस, चाळिसांना ऐंशी. अकराव्या वर्षी माणसे लागतात दहा हजार दोनशे चाळीस. सगळी पंचक्रोशी गोळा केली तरी ती पुरत नाही. त्यामागे खराखुरा धंदा नसतो. नव्याचे पैसे जुन्याला, एवढाच खेळ असतो. पहिल्या काहींना पैसे मिळतात, ते खरेच मिळतात, आणि तेच गावभर सांगत सुटतात. म्हणूनच लोक फसतात. शेवटी आलेल्यांचे सगळे बुडते, आणि शेवटी येणारा बहुधा गरीब असतो, कारण त्याला धीर करायला वेळ लागलेला असतो. पैसाफिरवणीच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ साली आला. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदाही आहे. पण कायदा येतो तो पैसा गेल्यावर. आधी आपली पाटी-पेन्सिल बरी.

शेवटचा प्रश्न विम्याचा आणि वारसाचा. कमावत्या माणसाच्या मागे घर उघडे पडू नये, यासाठी विमा. ‘पैसे परत किती मिळतील’ एवढेच बघून घेतलेल्या विम्यात संरक्षण थोडे आणि हप्ता मोठा, असे पुष्कळदा होते. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या दोन योजनांत बँक खात्यातून वर्षाला हप्ता जातो. जीवनज्योती योजनेचा हप्ता २०२२ मध्ये ४३६ रुपये आणि सुरक्षा योजनेचा, म्हणजे अपघाताचा, २० रुपये ठरला. दोन्हींत संरक्षण दोन-दोन लाखांचे. कित्येकांच्या खात्यातून हप्ता जातो आणि घरात कुणाला पत्ता नसतो! मग दावा करणार कोण?

तेव्हा घरात एक वही करा. खाते कुठे, ठेव किती, मुदत कधी संपते, विमा कोणता, कुणाचे देणे, कुणाकडून येणे, हे सगळे त्यात लिहा. प्रत्येक खात्याला नाव लावून घ्या. मात्र बँकेच्या ठेवीला ज्याचे नाव लावले, तो पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालकी शेवटी कायदेशीर वारसांची. दहा वर्षे कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तिथूनही ती वारसाला मागता येते, पण त्यासाठी ती होती हे ठाऊक तर हवे!

ही वही एकट्या कर्त्या पुरुषाने लपवून ठेवायची नाही, बरं का. ती घरातल्या बाईने वाचलेली असावी, मोठ्या मुलामुलींनी वाचलेली असावी. या आठवड्यात प्रत्येकाने अशा वहीचे पहिले पान लिहिले, आणि शिक्षकांनी वर्गात महिन्याच्या व्याजाचे वर्षाच्या व्याजात रूपांतर करण्याचे एक उदाहरण घातले, तर एवढा वेळ आपण बोललो त्याचे चीज झाले, असे मी समजेन.