प्रतिरूप आणि विरक्ती : एका भयपटाच्या निमित्ताने

डॉन सीगल यांनी दिग्दर्शित केलेला 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) हा चित्रपट जॅक फिनी यांच्या १९५५ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. पुढे १९७८, १९९३ आणि २००७ मध्ये त्याच कथेवर पुन्हा चित्रपट निघाले. अवकाशातून आलेल्या बीजांपासून सांता मीरा या काल्पनिक गावात मोठमोठ्या शेंगा वाढतात. माणूस झोपला की शेंगेतील देह त्याचे रूप, आवाज, स्मृती सारे उचलतो. हरवते ती केवळ भावना. विल्मा नावाची स्त्री, आपला काका हा काका नव्हेच, अशी तक्रार करते. पुरावा मात्र तिला देता येत नाही. काकाला सारे आठवते, फक्त डोळ्यांतील पूर्वीचा ओलावा गेलेला असतो. या कथेचे कम्युनिस्टविरोधी आणि मॅकार्थीविरोधी असे दोन्ही अन्वयार्थ समीक्षेत रूढ आहेत. ते येथे बाजूला ठेवू.

जालना जिल्ह्यातील आमच्या एम.ए.च्या वर्गात विज्ञानसाहित्याच्या ओघात ही कथा सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले : प्रेम नाही, दुःख नाही, आसक्ती नाही, हेच तर संत सांगतात, मग यात भिण्यासारखे काय, सर? प्रश्न भाबडा वाटला तरी टाळता येण्यासारखा नव्हता. चित्रपटातील प्रतिरूपेही नायकाला, डॉ. माइल्स बेनेलला, नेमके हेच आमिष दाखवितात. शिवाय आपल्या लोकपरंपरेतील भूत अतृप्त वासनेचे. झपाटलेला माणूस रडतो, ओरडतो, हट्टाने मागतो. भावनेचा अतिरेक हे आपल्या भयाचे परिचित रूप आहे, भावनेचा लोप नव्हे.

उत्तरासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे (जन्म १६०८) जन्मगाव. 'सावधान' हा शब्द ऐकताच ते बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका आहे. त्याच विरक्त पुरुषाची 'करुणाष्टके' वाचावीत. तेथे अनुताप आहे, भेटीची तळमळ आहे, स्वतःच्या उणिवांची लाज आहे. विरक्तीने भावना नष्ट केलेली नाही. 'मी-माझे'पणातून सोडवून तिला दुसरा विषय दिला आहे. शेंगेतील देहाला मात्र त्यागावे असे काही नसतेच. ज्याला आसक्ती ठाऊक नाही त्याला विरक्त कसे म्हणावे? आणि त्याचे स्थित्यंतर घडते ते झोपेत. सावध होऊन घर सोडणे आणि झोपेत घर हरवणे यांतील अंतर त्या विद्यार्थिनीला लगेच पटले.

प्रतिरूप ओळखण्याचा पेच आपल्याला नवा नाही. महाभारताच्या वनपर्वातील नळ-दमयंतीच्या कथेत (रघुनाथ पंडिताने तिच्यावर मराठीत आख्यान रचले) चार देव नळाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात. त्यांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत. नळाजवळ घाम, धूळ, सावली, सुकलेली फुले, हे सारे आहे. दमयंती या उणिवांवरूनच माणूस निवडते. परंतु तिची प्रार्थना ऐकून देवांनीच आपली लक्षणे प्रकट केलेली असतात. सीगल यांच्या चित्रपटात अशी कृपा करणारे कोणी नाही. पळून थकलेल्या बेकीचा क्षणभर डोळा लागतो. माइल्स तिचे चुंबन घेतो, आणि त्याला कळते. तिच्या देहावर खूण काहीच नसते.