माहीमची बुधवारची माउली

मुंबईत मंगळवारी भाविकांची पावले प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाकडे वळतात. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तशाच ओढीने हजारो माणसे माहीमच्या सेंट मायकेल चर्चची वाट धरतात. त्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात, मुसलमान आणि पारशीही असतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांत तेथे प्रार्थना चालते. तिला ‘नोव्हेना’ म्हणतात. लॅटिन भाषेतील ‘नऊ’ या अर्थाच्या शब्दापासून हे नाव आले आहे. ओळीने नऊ बुधवार दर्शनास यावयाचे, असे हे व्रत आहे. नवरात्र पाळणाऱ्या आपल्या घरांना या नऊ आकड्याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

या उपासनेचा आरंभ ८ सप्टेंबर १९४८ रोजी झाला. त्या दिवशी बुधवार होता आणि मरियामातेचा जन्मोत्सवही होता. चर्च मात्र फार जुने, पोर्तुगीज अमदानीतले आहे. आजची वास्तू १९७३ साली उभी राहिली.

येथे पूजिली जाते ती ‘सतत साहाय्य करणारी माता’. तिचे मूळ चित्र रोम नगरीतील सेंट अल्फोन्सस चर्चमध्ये आहे. १८६६ पासून ते तेथे भक्तांच्या दर्शनास आहे. दोन देवदूत क्रूस, खिळे व भाला घेऊन आले आहेत. पुढे भोगावयाच्या यातनांची ती चिन्हे पाहून बाल येशू भ्याला आणि आईकडे धावला. त्या घाईत त्याच्या एका पायातील वहाण सुटून लोंबते आहे, आणि त्याने दोन्ही हातांनी आईचा हात घट्ट धरला आहे. आईची दृष्टी मात्र बाळाकडे नसून समोर उभ्या असलेल्या भक्ताकडे आहे. तिच्या मुद्रेवर विषाद आहे. दुःख टळेल असे वचन हे चित्र देत नाही. दुःखाच्या वेळी धरावयास हात आहे, एवढेच ते सांगते.

माहीमच्या या आश्रयाला इतिहासाचीही साक्ष आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. तो विजय आपल्याला अभिमानास्पद आहे. पण त्याच धामधुमीत पोर्तुगीजांच्या ताब्यातील वांद्र्याच्या भाविकांवर आपली माउली हलविण्याची पाळी आली. टेकडीवरील मोत माउलीची मूर्ती त्यांनी खाडीपलीकडे, इंग्रजांच्या अमलाखालील माहीमच्या याच चर्चमध्ये आणून ठेवली. सुमारे वीस वर्षांनी, १७६१ मध्ये, ती पुन्हा वांद्र्यास गेली. आजही सप्टेंबरात तिची मोठी जत्रा भरते. ज्या फौजांच्या भयाने ती मूर्ती हलली, त्यांच्याच मुलखातील मराठी माणसे आज वांद्र्याला आणि माहीमला हात जोडून उभी राहतात. काळाने घातलेली ही फुंकर लहान नव्हे.

चर्चच्या बाहेर मेणाची घरे, बाळे, हात, पाय विकावयास असतात. ज्याला घर हवे तो घर वाहतो, ज्याच्या घरी पाळणा हलावयाचा आहे तो बाळ वाहतो. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या आपल्या आयाबायांना यात काहीच परके वाटणार नाही. भक्त आपले मागणे चिठ्ठीवर लिहून अर्पण करतात. आणि ज्यांचे मागणे पूर्ण झाले, ते आभाराचे पत्र लिहितात.

नवस बोलणे सोपे असते, तो फेडावयास परत येणे अवघड. मागणे पुरे झाल्यावरही बुधवार न चुकविणारे कितीतरी भाविक माहीमला दिसतात. नऊ आठवडे त्याच दारी वाट पाहताना शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचे दुःखही आपल्या प्रार्थनेत येऊन मिळते. मातेचे साहाय्य कदाचित तेथूनच सुरू होत असावे.